एक अंश

नागपूरकराला एका अंशाचं काही वाटत नाही. पेपरात कालचं तापमान ४४ छापून आलं काय आणि ४५ छापून आलं काय, बाहेर पडताना दुपट्टा तसाच बांधायचा, पन्हं तेवढंच प्यायचं आणि दुपारी बारा ते पाच पडदे ओढून कूलरसमोर पडून राहायचं. त्याच घरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि कपाटातल्या रजया बाहेर निघतात. वर्षभरात पस्तीसेक अंशांचा हा झोका आमच्या अंगवळणी पडलेला आहे. मे महिन्यात तर एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा अंशांचं अंतर पडतं, त्याचीही कोणी दखल घेत नाही.

समुद्राला असं जगणं माहीत नाही. पाणी तापायला वेळ लावतं आणि निवायलाही. उष्ण प्रदेशातल्या प्रवाळांभोवतीचं पाणी बहुतेक ठिकाणी वर्षभर चार-पाच अंशांच्या आतच फिरतं. तिथे जन्मलेल्या माशाने, झिंग्याने, प्रवाळाने त्याच्या पलीकडचं तापमान कधी पाहिलेलंच नसतं. घरात खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांभोवतीच्या समुद्राचा छोटा नमुना, लावायची म्हणजे हे चार-पाच अंश नागपुरात आणायचे आणि बारा महिने सांभाळायचे. मासे, दगड, दिवे हे सगळं त्यानंतरचं.

माझी टाकी फार मोठी नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर. खालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. गाळणीचं सगळं सामान तिथे बसतं. पाणी, काच, वाळू, दगड मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जातं. स्टँड करायला आलेल्या सुतारदादांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी टेप खाली ठेवला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग मधात नका ठेवू ताई, बीमच्या बाजूनं घ्या.” त्यांनी हॉलमध्ये जिथे बोट दाखवलं तिथेच ती आज उभी आहे.

आधी पाणी. आमच्या नळाला पेंचचं पाणी येतं. प्यायला ते चांगलं आहे, या कामाला नाही. त्यातला क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, विरघळलेले क्षार, सगळं काढावं लागतं. आरओ त्यातलं बरंचसं काढतं आणि उरलेलं, क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनच्या नळकांड्यातून, पाण्यात विरघळलेलं मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत. म्हणजे पाण्यात होतं नव्हतं ते सारं आधी काढून टाकायचं आणि मग समुद्रात असतं ते मोजून घालायचं.

मिठाची बादली घरी आली त्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. “काहून वं, मीठ नाही का घरी? बादली भरून विकत आणून राहिली ते?” प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणून मी त्यांना बसवून घेऊन उत्तर दिलं. समुद्रातल्या क्षारांमध्ये क्लोराइड ५५ टक्के आणि सोडियम ३१ टक्क्यांच्या जवळपास असतं. इथवर झालं आपलं जेवणातलं मीठ. उरलेल्या चौदा टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि मग चिमूट-चिमूटभर असलेल्या मूलद्रव्यांची लांबलचक यादी. शंखाचं कवच, खेकड्याची पाठ, प्रवाळाचा सांगाडा, सगळं त्या उरलेल्या भागातून उभं राहतं. काकूंनी चिमूटभर हातावर घेऊन चाखून पाहिलं आणि “कडवट लागते” म्हणाल्या. ते मॅग्नेशियम.

लिटरमागे ३५ ग्रॅमच्या थोडं वर मीठ, निळ्या ड्रममध्ये, आत एक पंप रात्रभर चालू. सकाळी खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून एका डोळ्याने पाहायचं. वर निळं, खाली पांढरं आणि मधली रेघ ३५ वर. हजार भाग पाण्यात पस्तीस भाग क्षार. जगातल्या मोकळ्या समुद्रांत हा आकडा फारसा हलत नाही. ती रेघ ३५ वर टेकलेली पाहण्यात जो आनंद आहे तो मला अजूनही दर वेळी तितकाच होतो.

मग थांबायचं. मासे लगेच सोडायचे नाहीत. वाळूत आणि दगडांच्या छिद्रांत जीवाणूंनी वस्ती करायला महिना-दीड महिना लागतो. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सोसवतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. ही साखळी जुळेपर्यंत टाकीत पाहण्यासारखं काही नसतं, फक्त पाणी फिरत असतं. काचेवर तपकिरी थर येतो, जातो, मग हिरवा येतो. पाहुणे विचारतात, मासे कुठे आहेत? मला हाच काळ फार आवडला. पुण्याच्या एका मित्राने त्याच्या जुन्या टाकीतला मूठभर दगड ओल्या कागदात गुंडाळून रात्रीच्या गाडीने पाठवला होता. त्याच्यावरून जे उतरलं ते मी कुठूनही विकत आणू शकले नसते: रात्री टॉर्च मारला की काचेवर धावणारे साबुदाण्याहूनही बारीक कोपेपॉड नावाचे जीव, वाळूतून अर्धा इंच बाहेर डोकावणारा केसाळ किडा आणि काही महिन्यांनी कोऱ्या करड्या दगडांवर उमटलेले जांभळे ठिपके.

हे ठिपके कोरलाइन शैवालाचे. नावात कोरल असलं तरी ते शैवाल आहे, पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन दगडावर कडक कवच चढवणारं. ते पसरायला लागलं की समजायचं, पाणी जमलं. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कार्बोनेटची क्षारता, डीकेएच या तिच्या एककात, आठ-नऊ. दर आठवड्याला परीक्षानळीत थेंब मोजत मी हे तपासते आणि दर वेळी मला चंद्रपूर जिल्हा आठवतो. कोरपना-गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे जे कारखाने आहेत ते ज्या चुनखडकावर उभे आहेत, तो पैनगंगा गटाचा खडक समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. तो साचत होता तेव्हा मासे नव्हते, शंख नव्हते, प्रवाळही नव्हते. आमच्या घराच्या स्लॅबमधल्या सिमेंटमध्ये तो चुनखडक असण्याची शक्यता बरीच आहे. विदर्भात समुद्र परका, असं मला त्यामुळे कधी वाटत नाही.

पहिला जीव आला तो क्लीनर श्रिंप, एक झिंगा. पाठीवर लाल पट्टा, मधोमध पांढरी रेघ आणि शरीराहून लांब पांढऱ्या मिशा. पाण्यात हात घातला की तो चढून येतो आणि नखांच्या कडा कुरतडून स्वच्छ करतो, गुदगुल्या होतात. काही आठवड्यांनी एका सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला दिसला. मिशा, पाय, डोळ्यांवरचे आवरणाचे टोपरे, सगळं जागच्या जागी, फक्त आरपार दिसणारं. चिमट्याने उचललं तर वजनच नाही. ती कात होती. झिंगा दगडामागे दडून होता, कारण नवं कवच घट्ट होईपर्यंत त्याच्यापाशी लपण्याशिवाय दुसरं संरक्षण नसतं. मिशीच्या टोकापर्यंतची ती अख्खी कात मी वाळवून काचेच्या डबीत ठेवली आहे.

त्यानंतर क्लाउनफिशची जोडी आली. समुद्रातून पकडलेली नको, पैदाशीची हवी, एवढी एक अट मी धरून होते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीलाही हॅचरी आहे. तेव्हा समुद्रातला मासा उचलायला काही कारण उरत नाही. हे मासे जन्मतः सगळे नर असतात. गटात जो सगळ्यांत वरचढ होतो त्याची मादी होते. माझ्याकडच्या दोघांतला मोठा कोण हे पहिल्या महिन्यातच ठरलं आणि आता धाकटा तिच्यासमोर अंग थरथरवून हार मानल्याची खूण करतो.

हे सगळं हिवाळ्यातलं. खरी परीक्षा एप्रिलपासून.

टाकीचं तापमान मी २५ ते २६ वर ठेवते. मेमध्ये दुपारी हॉलमध्ये कूलर चालू असूनही ३३-३४ असतं, कूलर बंद झाला तर त्याहून वर. शिवाय पंप आणि दिवे पाण्यात आपली उष्णता टाकत असतात ती वेगळीच. पुस्तकं सांगतात की चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या. चिलर मी घेतला, पण नागपूरच्या उन्हाळ्याने आधी मला दुसरी गोष्ट शिकवली, आणि ती शिकवण्याचा अधिकार नागपूरलाच होता. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले की पाणी उडून जायला लागतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर शंभर लिटर पाणी साडेपाच-सहा अंशांनी निवतं. दारातल्या कूलरमध्ये वाळ्याच्या पडद्यावर आपण पाणी सोडतो ते याच हिशोबाने. बाहेर ४५ अंश असेल आणि हवेत आर्द्रता १५ टक्के, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक साधारण २४ दाखवतो. म्हणजे ज्या हवेला आपण शिव्या देतो, तिच्या कोरडेपणातच २४ अंशांपर्यंत उतरण्याची सोय आहे. मुंबईच्या दमट हवेत हा मार्ग एवढा उपयोगी नाही. मेच्या रणरणत्या दुपारी दोन पंखे माझी टाकी २६ वर आणून ठेवतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या गावाचा अभिमान वाटला.

आणि जुलैत सगळं उलटतं. लोक सुटकेचा श्वास टाकतात, हवा ३१ अंशांवर येते, पण आर्द्रता ८५ टक्के. आता तेच फडकं २९ दाखवतं. पंखे कितीही फिरवले तरी पाणी २९ च्या खाली जाणार नाही. माणसांना जो महिना सुखाचा, तो टाकीला अवघड. चिलर खऱ्या अर्थाने कामाला येतो तो पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात.

पंख्यांची किंमत पाण्यात द्यावी लागते. मेमध्ये रोज चार-पाच लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. भर घातली नाही तर ३५ ची रेघ दुसऱ्या दिवशी ३६ कडे सरकते. म्हणून भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. हे काम माझ्या सासूबाईंनी, आईंनी, न सांगता स्वतःकडे घेतलं. सम्पच्या काचेवर मी मार्करने खूण केली आहे. दुपारी चहा टाकण्याआधी आई कपाट उघडतात, वाकून पाहतात आणि मला ऑफिसात फोन करून सांगतात, “आज समुद्र दोन बोटं खाली गेला नं.” यासाठी आपोआप पाणी सोडणारं यंत्र मिळतं, ते मी आणलेलं नाही. आईंची दोन बोटं अचूक आहेत.

लाइट जाते तेव्हा धडधडायला होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर, समुद्राच्या पाण्यात सातही नाही. पाणी फिरायचं थांबलं की तोही संपायला लागतो. म्हणून आमच्या इन्व्हर्टरवर पहिला हक्क टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या वेव्हमेकरचा आणि पंख्यांचा, मग घरातल्या एका ट्यूबलाइटचा. फ्रीझरमध्ये बर्फाच्या बंद बाटल्या कायम तयार असतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांत सगळ्या घराचा एक डोळा तापमापकावर असतो. २६.० चं २६.४ झालं की नवरा पडदा आणखी ओढतो, २६.८ झालं की दिवे बंद होतात, २७ झालं की बाटली पाण्यात जाते. बाहेर तेव्हा ४५ चं ४६ झालेलं असतं आणि ते आम्हाला कळतही नाही.

याच दिवसांत प्रवाळांबद्दलचं माझं मत पक्कं झालं. रीफ टाकी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रंगीत प्रवाळ येतात आणि माझ्याकडे ते नाहीत याचं त्यांना नवल वाटतं. एक कारण कायद्याचं. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. वाघ जिथे आहे तिथेच. समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. दुकानाच्या काचेत शोभेला ठेवलेला प्रवाळाचा पांढराशुभ्र सांगाडाही पहिल्या अनुसूचीतल्याच जीवाचा असतो. ताडोबा आणि पेंच उशाशी असलेल्या माणसांना वाघाचं कातडं भिंतीवर लावणं काय असतं हे समजावून सांगावं लागत नाही. प्रवाळाच्या बाबतीत मात्र अजून तसं कोणाच्या अंगावर काटा येत नाही, आणि तो यावा असं मला मनापासून वाटतं. माझ्या टाकीतले दगड माणसाने घडवलेले, भाजलेले, सच्छिद्र आहेत. त्यांच्यावर जांभळं कवच चढल्यावर ते कोणाला ओळखू येत नाहीत.

पण कायदा नसता तरी मी प्रवाळ आणले नसते, आणि त्याचं कारण तो तापमापक आहे. प्रवाळाच्या पेशींत एक सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. प्रवाळ ज्या उष्णतेत जगतो तीच त्याच्या सोसण्याच्या वरच्या टोकाजवळची असते. तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी एक अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही जोडी मोडते. शैवाल बाहेर टाकलं जातं, प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो, नाही तर उपाशी मरतो. लक्षद्वीपला हे १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या समुद्रांत चौथ्यांदा अशी लाट आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं.

या बातम्या मी पूर्वीही वाचत होते. एक अंश वाचून माझ्या नागपुरी मनाला काही झालं नव्हतं. आता होतं. १९० लिटर पाण्याचा एक अंश धरून ठेवायला एक अख्खं घर, दोन पंखे, एक चिलर, इन्व्हर्टर आणि बर्फाच्या बाटल्या लागतात. लक्षद्वीपच्या खाजणात बाटली टाकायला कोणी नाही. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही आणि समुद्रातल्या जवळपास पाव जाती तिथे आसरा घेतात. ज्यांचं स्वतःच्या घरीच इतकं बिकट चाललंय, त्यांतला एक तुकडा तोडून विदर्भाच्या उन्हाळ्यात आणावा असं मला वाटत नाही.

वरच्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा रोज संध्याकाळी येतो. सकाळ-संध्याकाळचं तापमान तो एका वहीत लिहितो, हे काम त्याने स्वतःहून घेतलं. त्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ वही चाळत होता. मग म्हणाला, “मावशी, मग कोरल पाहायचेच असले तर?” मी म्हटलं, मालवणला जायचं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, महाराष्ट्रातले प्रवाळ तिथल्या पाण्यात आहेत आणि डोळ्यांना गॉगल लावून वरून तरंगत पाहता येतात. त्यासाठी समुद्र इथवर आणावा लागत नाही. त्याने लगेच दुसरा प्रश्न टाकला, “तिथलं पाणी किती अंश असतं?” मी म्हटलं, ते तूच मोजून लिही.

डिसेंबरात दोन्ही घरं मिळून जायचं ठरलं आहे. पोराला त्याच्या आईने अट घातली, आधी पोहायला शिक, त्यामुळे तो सध्या रोज सकाळी स्विमिंग टँकवर जातो आणि ओल्या केसांनीच वहीत आकडा लिहायला येतो. आठ दिवस टाकी आईंच्या हवाली असेल. पाण्याचं त्यांना आता माझ्याइतकंच कळतं. फक्त त्या दिवसांत थंडी असेल आणि हीटर त्यांनी कधी हाताळलेला नाही. “त्याचं बटण आत्ताच दाखवून ठेव,” त्या म्हणाल्या, “निघायच्या घाईत नको.”